चारचौघांत झापण्याबद्दल
साहेबाने आवाज चढवल्याशिवाय कामं होत नाहीत, असं बरेच जण म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या भारतीय यानाचं पहिलं उड्डाण फसलं. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम होते, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयश अंगावर घेतलं. १८ जुलै १९८० ला त्याच प्रकारच्या यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा मात्र धवन यांनी पत्रकारांसमोर कलामांना पुढे केलं. कलामांनी ही आठवण पुढे कितीतरी वेळा सांगितली.

आमच्या बँकेत एक मॅनेजर बाई होत्या. काउंटरवर ग्राहक क्लार्कवर खेकसायला लागला की केबिनमधून उठून यायच्या, "माझ्याशी बोला" म्हणायच्या. चूक क्लार्कची असली तर त्याच्याशी नंतर बोलणं, तेही दार लावून आणि स्पष्ट शब्दांत. शिपायाशीही अहो-जाहो. हळूहळू बाकीच्यांनीही शिपायांना अरे-तुरे करणं सोडलं, परिपत्रक वगैरे काही काढावं लागलं नाही.

जिथे सगळ्यांदेखत झापतात तिथे माणसं चुका लपवायला शिकतात. मग भलत्याच खात्यात पडलेली एंट्री त्याच संध्याकाळी कळायला हवी, ती ऑडिटमध्ये सापडते.