मदत हवी आहे : जुन्या फोनमधील वडिलांची गाऱ्हाणी केबल आणि इंटरनेटशिवाय बाहेर कशी काढावीत?

नमस्कार.

माझ्या वडिलांचा एक जुना अँड्रॉइड फोन (आवृत्ती ४.१) आमच्या देवगड तालुक्यातील घरी आहे. वडील मानकरी या नात्याने गावच्या देवळात गाऱ्हाणे (गावाच्या वतीने देवाला मोठ्याने केलेली विनवणी) घालीत असत. २०१३ ते २०१७ या काळात शिमग्याला आणि जत्रेला त्यांनी घातलेली गाऱ्हाणी पुतण्याने याच फोनवर मुद्रित करून ठेवली होती. वडील आता नाहीत आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कोठेही मुद्रित झालेला नाही. फोनमध्ये ४१ ध्वनिमुद्रणे, १७ व्हिडिओ आणि काही छायाचित्रे आहेत. सगळे मिळून साधारण २.६ जीबी भरते. चतुर्थीला मुंबईहून दादा येईल, त्याच्या आत हे सर्व सुरक्षित जागी हलवावे अशी इच्छा आहे.

अडचण अशी की फोन चार्ज होतो, पण केबलने संगणकाला जोडला तर संगणक त्याला ओळखत नाही. तीन वेगवेगळ्या केबली लावून पाहिल्या. शेवटी भिंगातून खाचेत पाहिले, तेव्हा कडेच्या दोन पिना स्वच्छ दिसल्या आणि मधल्या पिनांवर हिरवट कीट चढलेला दिसला. वीज कडेच्या पिनांतून येते आणि माहिती मधल्या पिनांतून जाते, असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. खाच बदलता येईल, मात्र त्यासाठी बोर्डाला उष्णता द्यावी लागेल आणि त्यानंतर फोन चालू होईलच याची हमी देता येणार नाही, असेही तो म्हणाला. तो धोका पत्करण्याची माझी तयारी नाही. मेमरी कार्डाच्या खाचेलाही खाऱ्या हवेने तीच अवकळा आली असून घातलेले कार्ड फोनला दिसत नाही.

घरात रेंज येत नाही. सड्यावर (उंचावरच्या कातळ-पठारावर) गेल्यास थोडीफार मिळते, परंतु त्यावर २.६ जीबी वर चढवणे शक्य नाही, आणि या फोनवर गूगलचे खाते व प्ले स्टोअर दोन्ही उघडत नाहीत.

आतापर्यंत मी पुढील प्रयत्न केले. ब्लूटूथने छायाचित्रे माझ्या नव्या अँड्रॉइड फोनवर आली. वेळ मोजली असता २० एमबीला सुमारे दोन मिनिटे लागली. ३८० एमबीचा एक व्हिडिओ पाठवताना मात्र अर्ध्या वाटेत संपर्क तुटला आणि पुन्हा पाठवल्यावर तो पहिल्यापासून सुरू झाला. असे तीन वेळा घडले. वाय-फाय डायरेक्ट (दोन फोन वाय-फायने थेट जोडण्याची सोय) दोन्ही फोनांवर आहे, दोन्ही एकमेकांना जोडलेही जातात, पण फाइल पाठवण्याची सोय कोठे दिसत नाही. नव्या फोनवरील क्विक शेअर या फाइल पाठवण्याच्या सोयीला जुना फोन दिसतच नाही.

आणखी एक बाब माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ध्वनिमुद्रणांची नावे नुसती क्रमांकांची आहेत, त्यामुळे कोणते गाऱ्हाणे कोणत्या वर्षीचे हे केवळ फाइलच्या तारखेवरून कळते. ब्लूटूथने आलेल्या छायाचित्रांवर मात्र आजची तारीख पडलेली दिसते. या तारखा हरवू नयेत यासाठी काय करावे? तसेच दादाकडे आयफोन आहे. त्याला या फाइली थेट देता येतील का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण खाच बदलण्याची घाई केली नाही हे फार चांगले झाले. मी दापोलीकडचा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि रेंजही नव्हती. पडलेल्या पोफळी आणि उडालेल्या कौलांचे पंचनाम्यासाठी काढलेले फोटो आम्ही वाडीत एका फोनवरून दुसऱ्या फोनवर इंटरनेटशिवायच देत होतो, म्हणून अनुभवाने लिहितो.

सर्वप्रथम एक वही घ्या. जुन्या फोनमध्ये प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा तपशील उघडा आणि क्रमांक, तारीख, वेळ व लांबी हाताने उतरवून काढा. ४१ फाइलींना तासभर लागेल, पण नंतर काहीही बिघडले तरी वर्ष हरवणार नाही. ब्लूटूथने फाइल पाठवताना मूळ तारीख सहसा सोबत जात नाही. जुन्या फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये झिप करण्याची (अनेक फाइली एकाच फाइलीत बांधण्याची) सोय असेल तर सर्व ध्वनिमुद्रणांची एक झिप बनवा, कारण झिपच्या आत प्रत्येक फाइलची तारीख नोंदलेली राहते. ती सोय नसेल तर आपली वही पुरेशी आहे.

ध्वनिमुद्रणे एएमआर या कमी जागा घेणाऱ्या ध्वनिफाइलींच्या प्रकारची असतील, तर ती आज रात्रीच ब्लूटूथने घ्या. या प्रकारात तासाभराचे बोलणे जेमतेम साडेपाच एमबीत मावते. २.६ जीबीचा आकडा पाहून आपण सगळ्याला एकच काम समजत आहात, पण तो भार व्हिडिओंचा आहे. ज्यासाठी आपला जीव तुटतो आहे ती गाऱ्हाणी मिळून शंभर एमबीही भरणार नाहीत, आणि तेवढ्याला ब्लूटूथ उत्तम चालते. दोन्ही फोन शेजारी ठेवा, जुना चार्जिंगला लावा आणि एका वेळी पाच-सहाच फाइली पाठवा. त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी होईपर्यंत व्हिडिओंकडे वळू नका.

व्हिडिओंसाठी वाय-फाय हवे, मात्र वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. नव्या फोनचा हॉटस्पॉट सिममध्ये डेटा नसतानाही बहुतेक फोनांवर सुरू होतो आणि त्याला जोडलेली यंत्रे आपसांत बोलू शकतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा, कारण त्या काळातील बऱ्याच फोनांना ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही. पासवर्डच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ ठेवा. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवल्यास जुना फोन जोडला जाणार नाही. नंतर जुना फोन आणि आपला संगणक दोन्ही त्या हॉटस्पॉटला जोडा.

आता जुन्या फोनवर एफटीपी सर्व्हरचे, म्हणजे फोनमधील फाइली वाय-फायवरून संगणकाला उघडून देणारे, एखादे छोटे ॲप लागेल. सड्यावर जाऊन नव्या फोनवर एफ-ड्रॉइड हे मुक्त ॲपांचे संकेतस्थळ उघडा. तेथे ॲपच्या प्रत्येक आवृत्तीला किमान कोणते अँड्रॉइड लागते ते लिहिलेले असते, त्यामुळे ४.१ वर चालणारी जुनी आवृत्ती शोधता येईल. उतरवलेली फाइल ब्लूटूथने जुन्या फोनवर पाठवा. अनेक जुने फोन ॲपची फाइल ब्लूटूथने स्वीकारत नाहीत. तसे झाल्यास नावाच्या शेवटी झिप असे लावून पाठवा आणि पोहोचल्यावर नाव पूर्ववत करा. सुरक्षा सेटिंगमध्ये ‘अज्ञात स्रोत’ला तात्पुरती परवानगी द्यावी लागेल. ॲपमध्ये सर्व्हर सुरू केला की पडद्यावर आकड्यांचा एक पत्ता दिसतो. तो क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये टाकू नका, कारण क्रोमने २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकले. संगणकावर विंडोज असेल तर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत तो टाका, म्हणजे फोनमधील फोल्डर समोर उघडतील.

वाय-फाय डायरेक्टबद्दल आपला गोंधळ होणे स्वाभाविक आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमधून केवळ जोडणी होते. फाइल देण्या-घेण्यासाठी दोन्हीकडे वेगळे ॲप लागते. पूर्वी त्यासाठी लोक शेअरइट किंवा झेंडर वापरीत, पण जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपांत ती दोन्ही होती. क्विक शेअरला किमान अँड्रॉइड ६ लागते, त्यामुळे त्याचाही उपयोग नाही. आयफोन ब्लूटूथने अशा फाइली घेत नाही. दादांना त्या संगणकावरूनच द्याव्यात.

धागाकर्ता

आपले मनापासून आभार. ध्वनिमुद्रणे आणि व्हिडिओ असा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. वहीत ४१ नोंदी उतरवल्या. फोनमध्ये झिपची सोय नव्हती, म्हणून फाइली आठ तुकड्यांत पाठवल्या. सर्व मिळून केवळ ६१ एमबी भरल्या आणि एकही अडकली नाही. एक प्रत संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर घेतली. २०१४ च्या शिमग्याचे गाऱ्हाणे पडवीत लावले तेव्हा वडिलांच्या प्रत्येक वाक्यामागून ‘व्हय म्हाराजा’ असा मांडावर (शिमग्याला गाव जमतो त्या जागी) जमलेल्यांचा आवाज स्पष्ट आला आणि आई माजघरातून उठून बाहेर येऊन बसली.

व्हिडिओंच्या बाबतीत एक अडचण आली आहे. सर्व्हर सुरू होतो, संगणकावर फोल्डरही दिसतात, पण दोन-तीन मिनिटांत जोडणी तुटते. जुन्या फोनचा पडदा काळा झाला की हे घडते असे वाटते.

प्रतिसाद १

आपले निरीक्षण बरोबर आहे. जुन्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ‘प्रगत’ या भागात, पडदा बंद असताना वाय-फाय चालू ठेवावे का असा पर्याय आहे. तेथे ‘नेहमी’ निवडा. पडदा बंद होण्याची वेळही वाढवा आणि फोन चार्जरवरच राहू द्या.

धागाकर्ता

‘नेहमी’ निवडल्यावर जोडणी टिकली. ब्लूटूथवर तीनदा तुटलेला ३८० एमबीचा व्हिडिओ साडेतीन मिनिटांत आला आणि मध्ये वीज जाऊनही रात्री दहापर्यंत सतराच्या सतरा व्हिडिओ संगणकावर उतरले. प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहिला आहे. जुना फोन मात्र पुसलेला नाही. तो कोरड्या तांदळाच्या डब्याशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवला आहे.