सिग्नल जनरेटरचा पल्स एवढा लोळतोय, मॉड्युलेटर गेला का?

रबाळे_रडार:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत मरीन रडार दुरुस्त करतो, जहाजांवरचे एक्स बँडवाले, ९४१० मेगाहर्ट्झ. रिसिव्हर तपासायला शेठनी जुना सिग्नल जनरेटर घेतलाय, २० गिगाहर्ट्झपर्यंतचा, पल्स मॉड्युलेशनसकट (म्हणजे आतला मॉड्युलेटर सिग्नल चालू-बंद करून पल्स काढतो). आउटपुटला डायोड डिटेक्टर (आरएफ पॉवरचं व्होल्टेज करून देतो), तिथून दीड मीटर कोॲक्स केबल, मग ऑसिलोस्कोप. १ मायक्रोसेकंदाचा पल्स दिला तर चढ गोलसर आणि शेपूट लांबच लांब, आणि ८० नॅनोसेकंदाचा दिला (आमचा शॉर्ट पल्स) की नुसतं टेकाड दिसतं. मॅन्युअलमध्ये राइज टाइम (पल्स चढायला लागणारा वेळ) ५० नॅनोसेकंदांच्या आत लिहिलाय. शेठ म्हणतायत परत करून टाक.

वागळे_इस्टेट_काका:
अरे थांब, परत काय करतोस लगेच. स्कोपचं इनपुट १ मेगोहमवर ठेवलंयस ना? मग तू जनरेटर नाही, तुझी केबल मोजतोयस. डिटेक्टरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण दीड हजार ओहम धर, केबल मीटरला १०० पिकोफॅरड, त्यात स्कोपचे आणि डिटेक्टरच्या आतले मिळून २०० च्या आसपास. म्हणजे टाइम कॉन्स्टंटच ३०० नॅनोसेकंद, १० ते ९० टक्के जायला साडेसहाशेच्या वर, त्यात ८० चा पल्स कुठून दिसणार. त्यात चढताना डायोड चालू असतो म्हणून जरा बरं, उतरताना चार्ज निचरायला वाटच नाही, म्हणून शेपूट. स्कोपच्या तोंडाशी ५० ओहमचं फीडथ्रू टर्मिनेशन लाव, लॅमिंग्टन रोडला मिळेल. व्होल्टेज खूप पडेल, मग पॉवर +१० डीबीएमपर्यंत ने, पण आधी डिटेक्टर किती सोसतो ते त्याच्यावरच बघ.

ऐरोली_आरएफ:
काका बरोबर आहेत, पण एएलसीपण बघ, म्हणजे आउटपुट लेव्हल आपोआप स्थिर ठेवणारं सर्किट. बऱ्याच जुन्या जनरेटरमध्ये लेव्हलिंगच्या लूपला १ मायक्रोसेकंदाहून बारीक पल्स नीट कळतच नाही, मग लेव्हल भलतीच येते. तेव्हा सीडब्ल्यूमध्ये (पल्स नसलेला सलग सिग्नल) लेव्हल सेट करायची, एएलसी ऑफ करायचा आणि मग पल्स चालू. फ्रिक्वेन्सी बदलली की परत तेच. आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरवर बघून घाबरू नकोस, १ मायक्रोसेकंद पल्स आणि १ किलोहर्ट्झ पीआरएफ (सेकंदाला किती पल्स) असेल तर मधली रेघ सीडब्ल्यूपेक्षा ६० डीबी खाली दिसणारच. पॉवर गेली म्हणून बोर्ड बदलायला निघालेले लोक पाहिलेत मी 😅

रबाळे_रडार:
काका, शेपूट गेलं! ८० वाला आता चौकोनी दिसतो. फक्त दोन्ही कडांना बारीक काटे येतायत आणि जनरेटरची फ्रिक्वेन्सी कितीही फिरवली तरी काटे तेवढेच.

वागळे_इस्टेट_काका:
फ्रिक्वेन्सीने बदलत नाहीत म्हणजे ते आरएफ नाहीच, जनरेटरमध्ये आरएफ चालू-बंद करणारा स्विच असतो, त्याला चालवणारा पल्सच थोडा बाहेर गळतोय. व्हिडिओ फीडथ्रू. तुमच्या वर्कशॉपमध्ये एक्स बँडच्या वेव्हगाइडचे (धातूची पोकळ नळी, डब्ल्यूआर-९० साइझ) तुकडे पडलेले असतीलच, दोन कोॲक्स ॲडॉप्टर समोरासमोर जोडून जनरेटर आणि डिटेक्टरच्या मध्ये टाक. डब्ल्यूआर-९० साडेसहा गिगाहर्ट्झच्या खालचं काही सोडतच नाही, ९४१० आरामात जातं. काटे गायब झाले तर समज तेच होतं. पावसाळ्यात कनेक्टर हिरवे पडलेत का तेही बघ, आपल्याकडची हवा म्हणजे एक शत्रूच.

ऐरोली_आरएफ:
एक राहिलं, ऑन-ऑफ रेशो, म्हणजे पल्स चालू असताना आणि बंद असताना बाहेर येणाऱ्या पॉवरमधला फरक. ते डिटेक्टरवर दिसणार नाही, डायोडला तेवढा खालचा सिग्नल कळत नाही. तुमच्या रिसिव्हरची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ आणि नॉइज फिगर (रिसिव्हर स्वतः किती नॉइज घालतो) ५ डीबी धरली तर नॉइज -९६ डीबीएमच्या आसपास. तू -६० चा पल्स दिलास आणि स्विच ३० डीबीच बंद होत असेल तर पल्स नसतानाही -९० आत जातंय, रिसिव्हर बहिरा वाटेल आणि तू मिक्सर बदलत बसशील. ८० डीबीवाला असेल तर प्रश्नच नाही. ॲनालायझर झिरो स्पॅनला लाव (एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळेनुसार पॉवर दिसते), पल्स रुंद आणि पीआरएफ कमी ठेव, ऑन आणि ऑफमधला फरक सरळ वाचता येईल. ॲनालायझरचा स्वतःचा नॉइज पुरेसा खाली आहे ना तेवढं बघ. तो आकडा आला की मग शेठशी परत करायचं का ते बोल.