शब्दचर्चा : ‘दप्तरी दाखल’, ‘नस्तीबद्ध’ आणि ‘बासनात’

प्रश्न

आमच्या गावातील एका जुन्या वाचनालयाचे कामकाजाचे नियम नव्याने लिहिले जात आहेत. ज्या विषयावर निर्णय झाला किंवा जो विषय मागे पडला, तो वारंवार सभेपुढे येऊ नये, परंतु त्यानिमित्ताने जमलेली माहिती, मतभेद आणि हिशेब पुढच्या मंडळींना पाहता यावेत, अशा आशयाचे एक कलम त्यात हवे आहे. मसुद्यात एका सदस्यांनी ‘विषय दप्तरी दाखल करावा’ असे लिहिले, तर दुसऱ्यांनी ‘नस्तीबद्ध करावा’ असे सुचवले. तिसऱ्यांचे म्हणणे असे की, काहीही लिहिले तरी लोक त्याचा अर्थ ‘बासनात गुंडाळला’ असाच घेणार. या शब्दप्रयोगांत नेमका भेद काय आहे, आणि आमच्या कलमात कोणता बसेल?

पहिला प्रतिसाद

महसूल खात्यात नोकरी केल्यामुळे हे तिन्ही शब्द रोज हाताळले आहेत, म्हणून लिहितो. ‘निकाली काढणे’ हे प्रकरणाबद्दल बोलले जाते, म्हणजे त्यावर जो काही आदेश व्हायचा तो झाला. ‘नस्तीबद्ध करणे’ हे कागदाबद्दल आहे. नस्ती म्हणजे फाइल, आणि कागद त्या फाइलीत लागला एवढाच त्याचा अर्थ. ‘दप्तरी दाखल’ याचा मूळ अर्थही कागद अभिलेखात जमा झाला इतकाच होता, परंतु तक्रारदाराला ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे’ असे उत्तर जाते तेव्हा त्यावर पुढे काहीही होणार नाही हेच त्याला कळवलेले असते, आणि म्हणून या प्रयोगाची पत गेली.

कार्यालयीन मराठीत मात्र ‘बंद करणे’ आणि ‘टाकून देणे’ यांची सरमिसळ कधीच नव्हती. सहा गठ्ठे पद्धतीत चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे) आणि स्थायी आदेश यांचे वेगवेगळे गठ्ठे असतात. पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवावयाच्या प्रकरणांचा आणि सहावा नष्ट करावयाच्या ‘ड’ वर्गातील कागदांचा. पाचवा आणि सहावा हे दोन्ही गठ्ठे संपलेल्या कामांचेच आहेत, तरी त्यांच्या वाटा वेगळ्या. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ब’ वर्गाचे 30 वर्षे, ‘ड’ वर्गाचे जेमतेम एक वर्ष. आपल्या कलमात हा वर्ग ठरवण्याचे काम कोणाकडे राहील ते आधी लिहावे. शब्दाची निवड त्यानंतर सोपी होईल.

जाता जाता चौथ्या गठ्ठ्याबद्दल. स्थायी आदेश संचिकेत जुन्या प्रकरणांतून निघालेली, पुढेही लागू राहणारी परिपत्रके आणि निर्णय एकत्र लावलेले असतात. नवा कारकून टेबलावर आला की त्याने हीच संचिका प्रथम वाचावी अशी अपेक्षा असते, आणि ती नीट लावलेली असेल तर मागची शेकडो प्रकरणे उघडण्याची गरज पडत नाही. वाचनालयाला खरी उणीव बहुधा याच संचिकेची असावी.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाला जुन्या वापराची जोड देतो. ‘दप्तर’ फारसीतून आले आणि फारसीत ते ग्रीक ‘डिफ्थेरा’ या शब्दावरून आले, ज्याचा अर्थ लिहिण्यासाठी कमावलेले कातडे. (घटसर्पाचे ‘डिफ्थेरिया’ हे नाव त्याच मुळाचे, कारण त्या रोगात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो.) हिंदीत दफ्तर म्हणजे कचेरी झाली, मराठीत मात्र तो शब्द कागदांच्या संग्रहाला चिकटून राहिला आणि तेथून शाळकरी मुलांच्या पाठीवर गेला.

पेशव्यांच्या हुजूर दप्तरात ‘चालते दप्तर’ आणि ‘एकबेरीज दप्तर’ असे दोन मुख्य भाग होते. चालते दप्तर फडणिसांच्या थेट देखरेखीखाली दैनंदिन हिशेब पाही. एकबेरीज दप्तर पुण्यातच राही, आणि तेथे निरनिराळ्या खात्यांचे हिशेब वर्गवार लावून त्यांचे गोषवारे तयार होत. चालत्या दप्तराच्या उलट ‘बंद दप्तर’ असा भेद केलेला नाही, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते: काम संपलेल्या कागदाचा पुढचा टप्पा बेरजेचा होता.

हे कागद चौकोनी फडक्यात बांधत, त्या फडक्याला आणि त्यात बांधलेल्या गठ्ठ्यालाही ‘रुमाल’ म्हणत. पुणे पुराभिलेखागारात आजही कागद रुमालाच्या क्रमांकाने मागवले जातात. 1818 साली राज्य गेले, पण दप्तराचे काम संपले नाही. पुढे इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क पडताळण्यासाठी हेच रुमाल सोडले, आणि 1930 ते 1934 या काळात गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे 45 खंड प्रसिद्ध झाले. अगदी अलीकडे, 2023 साली, कुणबी नोंदींच्या शोधासाठी गावोगावची मोडीतील जन्म-मृत्यूची रजिस्टरे उघडावी लागली आणि मोडी वाचणाऱ्यांची टंचाई एकाएकी सर्वांना जाणवली.

‘बासन’ हे पोथी बांधण्याचे वस्त्र. चातुर्मासात बासन सोडायचे, पोथी वाचायची आणि पुन्हा बांधून ठेवायची, असा त्याचा क्रम होता. त्यात अनादराची छटा मुळीच नव्हती. ‘अहवाल बासनात गुंडाळला’ या वृत्तपत्री प्रयोगात त्यातली फक्त बांधण्याची क्रिया उरली आणि सोडण्याची गळून पडली. माझ्या मते दोष शब्दाचा नाही. ज्या गठ्ठ्यात काय आहे हे वरून कळत नाही तो कोणी सोडत नाही, आणि न सोडलेल्या गठ्ठ्याला कोणतेही नाव दिले तरी काही दिवसांत त्याला हीच कळा येते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. तर मग ‘अभिलेखात जमा करावा’ असे लिहिले तर चालेल का? ‘अभिलेख’ शब्दाला अजून वाईट वास लागलेला नाही.

पहिला प्रतिसाद देणारे

‘अभिलेख’ चालेल, आणि 2005 च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमामुळे तो कायद्याच्या भाषेतही रुळलेला आहे. मात्र विषय आणि कागद यांना एकच क्रियापद लावू नये. मी असा मसुदा सुचवतो: ‘निर्णय झालेला किंवा मागे पडलेला विषय कार्यकारी मंडळाने निकाली काढावा, त्याचे कागद वर्ग ठरवून अभिलेखात जमा करावेत, आणि त्यांतील निर्णयाचा गोषवारा स्थायी नोंदवहीत घ्यावा.’

दुसरा प्रतिसाद देणारे

मसुदा मान्य आहे. ‘जमा करावेत’ याच्या पुढे ‘व त्यांची सूची सभासदांना पाहण्यास खुली ठेवावी’ एवढे जोडावे, आणि गोषवाऱ्यात निर्णयाबरोबर विरोधी मतही लिहावे, कारण पुढे तोच प्रश्न निघाला की लोक बहुधा ते मत शोधत येतात.