मदत हवी आहे : खिडकीच्या काचेमुळे समोरच्या इमारतीत वायफाय क्षीण होते

आमच्या सोसायटीतील वाचनालयाचे इंटरनेट समोरच्या इमारतीतील अभ्यासिकेत नेण्यासाठी दोन्हीकडे खिडकीच्या आत ५ गिगाहर्ट्झची, एकाच दिशेने प्रक्षेपण करणारी उपकरणे समोरासमोर बसवली आहेत. मध्ये झाड नाही, भिंत नाही. तरीही खिडक्या बंद केल्या की सिग्नल उणे ८२ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) घसरतो आणि दोन्ही काचा सरकवल्या की उणे ६० च्या आसपास येतो. साध्या काचेने एवढी घट होत नाही, म्हणून काचेवरील उष्णता रोखणाऱ्या धातूच्या पातळ थराचाच मला दाट संशय आहे. तिरक्या कोनातून पाहिल्यास काचेवर निळसर झाक दिसते. पावसात खिडकी उघडी ठेवता येत नाही आणि अभ्यासिकेतील मुलांच्या परीक्षा तोंडावर आहेत. अशा काचेतून २.४ गिगाहर्ट्झ वापरल्याने खरोखर फरक पडतो का, की चौकटीतून केबल काढून उपकरणे बाहेरच लावावीत? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.