आठ गट, आठ विजेते

वर कुणीतरी म्हटलंय की फिलिपिनो बॉक्सर मॅनी पॅक्विआओने आठ वजनगटांत जागतिक किताब जिंकले, म्हणजे जुन्या कुणाशी तुलनाच नको. पॅक्विआओ मलाही फार आवडतो. 1998 मध्ये 112 पौंडांच्या फ्लायवेटमध्ये जगज्जेता झालेला माणूस 2010 मध्ये 154 पौंडांच्या गटाचा किताब घेतो, हे थक्क करणारंच आहे. पण नुसते किताब मोजून चालणार नाही.

जुन्यांपैकी अमेरिकन बॉक्सर हेन्री आर्मस्ट्राँगच्या काळात मुख्य गट आठच होते. त्याने ऑक्टोबर 1937 मध्ये फेदरवेट जिंकलं, मे 1938 मध्ये बार्नी रॉसला हरवून वेल्टरवेट आणि ऑगस्टमध्ये लू अँबर्सला हरवून लाइटवेट. म्हणजे 126, 135 आणि 147 पौंड, तिन्ही किताब एकाच वेळी त्याच्याकडे! मधे ‘ज्युनियर’ नावाच्या अधल्यामधल्या गटांची पायरी नाही. वर 1940 मध्ये मिडलवेटच्या किताबासाठीही लढला, ती लढत बरोबरीत सुटली.

आज मुख्य गट सतरा आणि डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार मोठ्या संघटना. प्रत्येकीचा विजेता वेगळा असू शकतो, म्हणजे एका वेळी अडुसष्ट पट्टे, म्हणजेच किताब (‘सुपर’, ‘अंतरिम’ वगैरे जादा किताब सोडून). हेवीवेटचंच बघा: 1999 मध्ये लेनॉक्स लुईस निर्विवाद विजेता (म्हणजे सगळे मोठे पट्टे एकट्याकडे) झाला, त्यानंतर थेट 2024 मध्ये युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक. दोघांच्या मधे किती चांगले हेवीवेट एकमेकांना न भिडताच ‘जगज्जेते’ म्हणून मिरवले. मला याचंच वाईट वाटतं.