पूर्ण अंध भाच्याला माईनक्राफ्टमध्ये एकट्याने फिरता येईल का?

पुसदचा_मामा: नमस्कार मंडळी. भाचा जन्मापासून अंध आहे, नववीत शिकते, एनव्हीडीए अन टॉकबॅक (कॉम्प्युटर अन मोबाईलच्या स्क्रीनवरचं बोलून सांगणारे) दोन्ही मस्त चालवते. उन्हाळ्यात आमच्याकडे खेड्यावर आला की माझे पोरं मोबाईलवर माईनक्राफ्ट (ठोकळ्यांच्या दुनियेत फिरायचा, बांधायचा गेम) खेळतात आणि हा बाजूला बसून विचारत राहते, आता कुठं चालला, आता काय आलं. पोरं सांगतात बी, पण किती वेळ सांगतील. त्याले स्वतः आत फिरायचं आहे. घरी विंडोजचा लॅपटॉप आहे, नेट हॉटस्पॉटवरचं. जमते का काही?

आवाजावर_चालतो: जमते दादा, मी स्वतः पूर्ण अंध आहे आणि खेळतो. लॅपटॉपवर माईनक्राफ्टची जावा एडिशन (कॉम्प्युटरवरची आवृत्ती) लागते, ती विकत घ्या लागते, तिच्यावर फॅब्रिक (मॉड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं अन मग माईनक्राफ्ट ॲक्सेस नावाचा मॉड, म्हणजे गेमला वरून जोडायची सोय, तो फुकट आहे. समोर कोणता ठोकळा आहे ते बोलून सांगते, नजर माऊसऐवजी कीबोर्डनं फिरवता येते, जवळ खनिज नाहीतर झोंबी असला की त्याच दिशेनं आवाज येते, पुढं खोल खड्डा असला तर आधीच सांगते. हेडफोन मात्र वायरचाच घ्या, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचते अन तेवढ्यात झोंबी अंगावर येते.

कापूसवाले_काका: खेळ ठीक आहे, पण पोराले पहिले काठी घेऊन गावात फिरू द्या ना बापा. गेमच्या नादानं घरातच बसन.

ताई_विशेषशिक्षिका: काका, काठी सुटूच नये, पण यात एक गोष्ट माहीत असू द्या. हार्वर्डचे लोत्फी मेराबेत आणि चिलीचे हाइमे सांचेझ यांनी एका खऱ्या इमारतीचा आवाजावर चालणारा गेम केला होता, 2012 मध्ये त्याचं संशोधन छापून आलं. अंध लोक त्यात रत्नं शोधत, राक्षसांपासून वाचत फिरले आणि मग खऱ्या इमारतीतही वाट काढू शकले. काही जणांना गेम न देता ठरलेले रस्ते शिकवले होते, तेही पोचले, पण बाहेर पडायची जवळची वाट शोधायची वेळ आली तेव्हा खेळून शिकलेले पुढे होते. म्हणून मामा, कळकळीनं सांगते, तो खेळत असताना पोरांना डावीकडे जा उजवीकडे जा म्हणू देऊ नका, चुकू द्या त्याला.

पुसदचा_मामा: ताई हे पटलं, पोरायले आजच सांगतो. मोबाईलवरचे पोरं अन हा एकाच दुनियेत येऊ शकतात का?

आवाजावर_चालतो: तसे नाही येत, मोबाईलवरची आवृत्ती वेगळी, बेडरॉक नावाची आहे, जावावाल्यात थेट जोडता येत नाही. पोरांपैकी एकानं तरी जावावर या लागन. एकट्यानं खेळायचं तर एकदा डाउनलोड झाल्यावर नेट नसलं तरी चालते.

पुसदचा_मामा: भाच्याले फोन लावला, तो म्हणते नुसतं फिरायचं नाही, घर बांधता येते का विचार.

आवाजावर_चालतो: येते ना. एक बटण दाबलं की आपण कुठं उभे ते आकड्यात सांगते, त्याच्यावरून भिंत सरळ धरायची. पहिलं घर चार भिंतीचं करू दे, दार ठेवायचं विसरू नको म्हणा.