'बेअरटाउन' : रडू आलं नाही म्हणजे काळीज नाही?

तिरकस वाचक (धागाकर्ता):
परवा इथेच एकाने स्वीडिश लेखक फ्रेड्रिक बॅकमनच्या 'बेअरटाउन' या कादंबरीबद्दल लिहिलं, की हे वाचून ज्याचे डोळे भरले नाहीत त्याला काळीजच नाही. खाली बदामांचा पाऊस. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो गावापेक्षा लेखकावर जास्त.

जंगलातलं स्वीडिश गाव. नोकऱ्या चालल्यात, आशा एकच: ज्युनियर आइस हॉकी संघ जिंकला तर क्रीडा अकादमी येईल. संघाचा हिरो केविन क्लबच्या मॅनेजरच्या मुलीवर, मायावर बलात्कार करतो आणि गाव मुलीलाच खोटं पाडायला निघतं. इतका जबर ऐवज हाताशी असताना हा माणूस पानोपानी सुविचार सोडतो! मॅनेजरचा थोरला मुलगा गेलेला, पबवालीचा नवरा गेलेला, जो येतो तो दुःखाचं गाठोडं घेऊनच. पहिल्याच पानावर बंदूक दाखवायची आणि ती कुणाच्या कपाळाला लागली ते कळेपर्यंत आपल्याला ताटकळत ठेवायचं. आणि सगळ्यांना समजून घेता घेता गावाच्या माथी दोष उरतो किती? जवळपास शून्य.

उंबरठा:
सुविचारांचं मान्य. बाकी तुम्ही पुस्तक चाळलंय, वाचलेलं नाही. गावाला सोडलं कुठे? संघातल्या अमतचा, तो बलात्कार डोळ्यांनी पाहिलेल्या पोराचा भाग आठवा. आई फातिमा रिंकवर साफसफाई करते. केविनचा बाप त्या पोराला गप्प राहण्याचा मोबदला देऊ करतो, वर आईला चांगल्या नोकरीचं आमिष. शेवटी तोच पोरगा भर सभेत उभा राहून खरं बोलतो. ज्याच्याकडे गमावायला सर्वांत कमी, तो बोलतो आणि प्रतिष्ठित मंडळी खाली मान घालून बसतात. याला सोडणं म्हणतात?

तिरकस वाचक:
'चाळलंय' म्हणजे काय? दोनदा वाचलंय. आणि कमी कसं? त्या पोराचं सगळंच पणाला लागलेलं असतं.

उंबरठा:
बरं, ते 'सर्वांत कमी' मागे घेते. मुद्दा तसाच आहे.

बर्फवेडा:
तुम्ही दोघं मिळून खेळालाच झोडपताय. स्वीडनमधल्या अर्नशोल्डस्विकसारख्या लहान गावाने काय दिलंय माहीत आहे का? पीटर फोर्सबर्ग आणि मार्कस नासलुंड, आइस हॉकीतले दोन मोठे खेळाडू, दोघं तिथलेच, जन्म 1973 च्या जुलैचा, दहा दिवसांच्या अंतराने. सेदिन जुळे भाऊही तिथलेच. गाव खेळासाठी वेडं असल्याशिवाय हे होत नाही. 1994 च्या ऑलिंपिक फायनलमध्ये फोर्सबर्गने कॅनडाविरुद्ध पेनल्टीवर एका हाताने जो गोल सरकवला, त्याचं देशाने टपाल तिकीट काढलं!

शिट्टी:
अवांतर, पण त्या तिकिटाची पुढची गोष्ट का गाळली? कॅनडाचा गोलकीपर कोरी हर्श याने आपलं चित्र वापरू द्यायला नकार दिला, म्हणून त्याच्या जर्सीचा रंग बदलून छापलं. त्याच हर्शने पुढे स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल उघडपणे लिहिलं. जिंकणाऱ्याचं तिकीट निघतं, समोरच्याचा रंग बदलतो.

बर्फवेडा:
त्याच्या आजाराचा त्या गोलशी काय संबंध? उगाच जोडू नका.

शिट्टी:
मी जोडलाच नाही. नीट वाचा.

बर्फवेडा:
सुचवलंत की! आणि नकार तर त्याने स्वतः दिला होता, रंग बदलणाऱ्यांनी त्याचं ऐकलंच.

शिट्टी:
ठीक, तिकिटापुरतं तुमचं खरं, घ्या. आता माझं ऐका. शाळेच्या संघात आमच्याकडेही एक हिरो होता. सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीत त्याने मला बाकावर आपटलं, पुढचा दात अर्धा तुटला. स्पर्धा तोंडावर. सरांनी स्वतःचा रुमाल दिला आणि म्हणाले, "घरी सांग, पाय घसरला." मी तसंच सांगितलं. आम्ही जिंकलो, फोटोत मी तोंड मिटून उभा आहे. तेव्हा खेळ निष्पाप वगैरे मला नका शिकवू.

बर्फवेडा:
वाईट झालं. पण तो तुमच्या सरांचा दोष, खेळाचा नाही.

उंबरठा:
हेच वाक्य पुस्तकातलं अर्धं गाव वेगवेगळ्या शब्दांत म्हणतं. अभिनंदन.

कायद्याचं बोला:
केविनला शिक्षाच होत नाही, हे कुणालाच खटकलं नाही? स्वीडनमध्ये?

उंबरठा:
मूळ पुस्तक 2016 चं. संमतीशिवायचा संबंध म्हणजेच बलात्कार, हा तिथला कायदा 1 जुलै 2018 पासूनचा. त्याआधी जबरदस्ती, धमकी किंवा पीडितेची असहाय अवस्था दाखवावी लागे. शिवाय माया आठवडाभर बोलत नाही, तोवर पुरावा काय राहणार?

तिरकस वाचक:
कायद्याचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. फातिमा-अमतचा भाग चांगला आहे, लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही. पण लेखक रडवायला टपून बसलेला आहे, हे माझं मत कायम. शिट्टींचा दात चार ओळींत आला, एकही सुविचार न सांगता, आणि जास्त लागला. बॅकमनला त्याला दोन प्रकरणं लागली असती.

शिट्टी:
माझ्या दाताचं साहित्य करू नका, एवढंच.

बर्फवेडा:
दुसऱ्या भागात हॉकी जास्त आहे का? असेल तर घेतो.